ताईच्या मापाचं अक्षर

“या वेळी अक्षर लहान कर,” मास्तर म्हणाले.

टायपिंगवालीचा हात माऊसवरच थांबला. हे म्हातारे शिंपी इतकी वर्षं तिच्या दुकानात येत ते अक्षर मोठं करून घ्यायलाच. हात थरथरायला लागले तशी त्यांची सुई सुटली, मग पेनही सुटलं. दूर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला पत्र पाठवणं मात्र सुटलं नव्हतं. फोन का करत नाही, असं विचारलं की म्हणत, “फोनवर आम्ही भांडतो. पत्र पोचेपर्यंत राग तरी उतरतो.”

तिने त्यांच्यासाठी टेम्प्लेट करून ठेवलं होतं. पत्ता, तारीख, ‘प्रिय ताई’ आणि तळाला ‘तुझा धाकटा’, सगळं जागच्या जागी तयार. मधल्या मजकुराला एक स्टाइल दिलेली. तिच्यातला अक्षराच्या आकाराचा आकडा बदलला की सगळा मजकूर एकदम मोठा होई. पहिल्यांदा हे पाहून मास्तर हसले होते. “म्हणजे माप बदललं की सदरा आपोआप मोठा? आमच्या धंद्यात हे असतं तर मी झोपल्या झोपल्या शिवलं असतं!”

ताईची नजर अधू होत गेली तसा तो आकडा वाढत गेला. पण पत्र एका पानातच बसवायचं. दोन पानं झाली की ताई ती खालीवर करायची आणि शेवट आधी वाचायची. म्हणून अक्षर वाढलं की मजकूर कापायचा. आधी पावसापाण्याच्या गप्पा गेल्या. मग शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. मग मास्तरांचे विनोद. ते कापताना दोघांच्याही जिवावर आलं होतं. मागच्या पत्रात पानभर एवढंच होतं: ‘मी बरा आहे. तू कशी आहेस?’

त्यानंतर ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.

“लहान? पार पहिल्याइतकं?” टायपिंगवालीचा चेहरा उजळला. “म्हणजे ऑपरेशन नीट झालं! बघा, मी म्हणत नव्हते?”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

“नाही जमलं गं,” ते म्हणाले. “आता काहीच दिसत नाही तिला. पत्र नात वाचून दाखवणार आहे.”

तिने मागचं पत्र उघडलं, स्टाइलमधला आकडा खाली आणला. पानभर पसरलेली ती दोन वाक्यं आकसली आणि ‘प्रिय ताई’च्या खाली जाऊन बसली. बाकी सगळं पान कोरं झालं.

मास्तरांनी त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“घे पोरी, लिही. ताई, आता जागा भरपूर आहे. ऐक.”