सकाळी एकच

अगं, ऐक तर! शेजारच्या सेलोकाकांचं अपेंडिक्स काढून झालं, भूल थांबवली, तरी त्यांना श्वासच घेता येईना. पापणीसुद्धा हलेना. फॉर्मवर नर्स म्हणून मीच लिहिलेलं, ‘औषधं चालू नाहीत.’ डॉक्टर श्वास देणारा फुगा दाबत ओरडले, “सिस्टर, बायकोला विचारा, काय खाल्लंय यांनी?” बाहेर त्यांची बायको, पासिंगकाकू, निवांत केळीच्या पानातलं सुमान, म्हणजे चिकट भाताची गोड वडी, सोलत होत्या. “काही नाही गं! भीतीने छाती धडधडत होती, म्हणून तुझ्या आईच्या हार्टच्या तीन गोळ्या दिल्या. तिनेच पाकीट दिलं, शेजारधर्म!” मी आत नेलेलं पाकीट बघून डॉक्टरच हादरले. “या गोळ्यांमुळे स्नायू सैल करणारं औषध उतरतच नाहीये! माणूस कदाचित सगळं ऐकतोय!” तासाभराने काकांचं बोट हललं, श्वास आला. मी रडलेच. तेवढ्यात डॉक्टरांनी पाकीट उलटलं. मागे निळ्या शाईत ‘आई, सकाळी एकच.’ “कोणाचं अक्षर हे?” तू काय सांगितलं असतंस?