टाकलेली लेक

गुलाबनं पाय झटकन मागं ओढले. "माय, बावरी झाली का तू? लेकीच्या पाया पडते?"

मनकर्णाबाई तशीच वाकून राहिली. गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स झालेली धाकटी लेक पहिल्यांदाच सुट्टीवर आली होती आणि आता दुपारच्या एसटीनं परत निघाली होती. त्याआधी माफी मागायलाच हवी होती. इतकी वर्षं सोमवार धरले, ते याच एका पापासाठी.

दोघी लेकी लहान होत्या, त्या साली पावसानं दगा दिला. धान बांधीतच, उभ्या शेतात वाळला. जंगलातली बांबूकटाईही बंद पडली. घरात मोहफुलं उकडून खायची पाळी आली. तेव्हा आश्रमशाळेचे मास्तर दारी आले. एक मुलगी द्या म्हणाले, खाणं-कपडा सरकारचा. थोरली गिरजा जिवाची. तिला कसं दूर करायचं? धाकटी दुखणाईत, सदा रडणारी. तिलाच धाडलं. जाताना पदराला लोंबकळली होती पोर; बोटं ओढून सोडवावी लागली. गिरजाची शाळा सुटली, ती आईसोबत रोजगार हमीच्या मातीकामावर जाऊ लागली. पण डोळ्यांसमोर तर राहिली!

"मी तुले टाकलं होतं वं, बाई," मनकर्णाबाई म्हणाली.

गुलाब हसली. "पहिले लय रडली मी. मंग रडाले टाईमच नाई भेटला. तिथी दोन टाईम भात भेटे, पुस्तकं भेटे. तू धाडलं नसतं, तं मी नर्स झाली असती का?"

मनकर्णाबाई गोंधळून गेली. मग पाप कुठं गेलं? इतके उपास देवानं कुणाच्या नावे धरले?

"मॅडमबाई, एसटी थांबाची नाई तुमच्यासाठी," दारातून गिरजा म्हणाली. ती गावातच दिलेली. दुसऱ्याच्या बांधीतली धानाची रोवणी अर्धी सोडून बहिणीला निरोप द्यायला आली होती. पिंढऱ्यांवरचा चिखल अजून ओलाच होता.

तिला पाहून मनकर्णाबाईला जरा धीर आला. हिला तरी आपण जवळ ठेवलं. शाळेत गिरजाच पहिली यायची, हे नेमकं आत्ता का आठवावं, तिला कळेना.

गुलाब पिशवी उचलून पुढं झाली. गिरजा तिच्यामागं निघाली, उंबऱ्यापाशी थांबली.

"माय, एकीले टाकाचंच होतं," ती हळूच म्हणाली, "तं मले काऊन नाई टाकलं?"