परटाचं पाणी

“आजपासून मी स्नानाचा त्याग केला आहे!” परसातल्या दगडावर उभं राहून कारभारीतात्यांनी जाहीर केलं. “माझ्या वाटणीची बादली मी एका मुक्या जिवाच्या नावे करतो.”

बहात्तर साल सरत होतं. केडगावात दुष्काळही होता आणि थंडीही होती. त्यातल्या थंडीमुळे तात्यांचा त्याग आठवडाभर आधीच, कोणाला न सांगता, सुरू झाला होता. आज तो फक्त जाहीर झाला.

राहीबाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, “लई बेस झालं. आंगूळ न्हाई तर बादली बी न्हाई. माझी एक खेप वाचली.”

तात्या दगडावरून खाली उतरले.

मुका जीव म्हणजे परीट. माणसातला नव्हे, पाखरातला. मूठभर, करडा-पांढरा, गळ्याशी काळं फडकं बांधल्यासारखा. ओलीवर तुरुतुरु चालतो आणि दगडावर धुणं आपटावं तशी शेपटी वरखाली करतो, म्हणून परीट. हिवाळ्यात येतो, उन्हं तापली की जातो.

तात्यांची हयात श्रीरामपुराकडे पाटकरी म्हणून गेली. पाटाचं पाणी सोडायचं आणि पाळी असेल त्याच्या शेताकडे वळवायचं. त्या काळी माणसं पहाटेच दारात येऊन बसत, “तात्या, आमची पाळी कवा?” निवृत्त होऊन ते केडगावला आले आणि दार मोकळं झालं. मागच्या हिवाळ्यात मोरीच्या ओलीवर हा परीट तेवढा नेमाने यायचा. पाण्यासाठी तात्यांच्या दारात येणारा तो शेवटचा खातेदार. यंदा मोरीबाहेर ओलच नव्हती. एकदा आला, कोरड्या मातीत दोन चोची मारल्या आणि तक्रार न करता निघून गेला. तक्रार केली असती तर तात्यांना बरं वाटलं असतं.

अखेर नवराबायकोत पाळी ठरली. राहीबाईंच्या अंघोळीचं पाणी त्यांच्या घेवड्याच्या वेलाला. तात्यांच्या अंघोळीचं पाणी तात्या म्हणतील तिकडे.

“पन आंगूळ झाली पायजे,” राहीबाईंनी बजावलं. “शेजारच्या गनीभाईंच्या हिरीचं पानी हाय ते. चांगलं पानी पाखराला वतलं, तर त्यांच्या बद्रुन्निसाला मी कोन्या तोंडानं सांगू?”

दुसऱ्या दिवसापासून तात्या उजाडताच मोरीत शिरू लागले. आतून ‘हर हर गंगे’ ऐकू येई, मागोमाग हुडहुडी ऐकू येई. बादलीतलं पाणी मात्र तात्यांना वळसा घालून सरळ मोरीच्या भोकातून बाहेर पडे. पाणी वळवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मग कानामागे दोन बोटं ओली करून ते बाहेर येत, कोरडाच पंचा दोरीवर टाकत, खुरप्याने मातीचा बांध घालून पाणी घेवड्याला चुकवत आणि कुंपणाकडच्या खळग्यात उतरवत. मग दगडावर बसून राहत.

चिमण्या आल्या. साळुंक्या आल्या, भांडल्या, गेल्या. तात्यांनी त्यांना हाकललं नाही, पण विचारलंही नाही. पाळी त्यांची नव्हती.

संक्रांत जवळ आली तेव्हा एका सकाळी तात्या ओरडले, “राही! अगं, परीट आला!”

राहीबाई यायच्या आत कुंपणापलीकडून बद्रुन्निसा आली. डोक्यावर चादरींचं हे एवढं गाठोडं. गावचा खरा परीट दिवाळीपासून दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आणि घरोघर धुणं साचलं होतं.

“कुठाय, तात्या? माझ्या आदी कुनाचं घिऊ देऊ नका हां!”

गाठोडं धपकन खाली आलं. पाखरू उडालं आणि कौलावर जाऊन बसलं.

“तो बघ,” तात्या म्हणाले.

बद्रुन्निसाने कौलाकडे पाहिलं. “ह्यो?” मग तिने तात्यांचा चेहरा पाहिला, आणि ओठाशी आलेलं हसू गिळून ती गाठोड्यावरच बसली.

उन्हं वर आली. खळग्यातली ओल पांढरी पडत चालली. तात्यांची बादली संपलेली. पाखराने कौलावरून एकदा खाली पाहिलं, एकदा केडगावाबाहेर पाहिलं. तात्या नुसते बसून होते.

राहीबाई दारातून हे बघत होत्या. घेवड्याच्या आळ्यात त्यांच्या अंघोळीचं पाणी अजून मुरायचं होतं. त्या आल्या, तात्यांच्या हातातलं खुरपं घेतलं आणि आळ्याची कड फोडली. पाणी वळवळत खळग्यात आलं.

तात्यांनी पाण्यावरून डोकी फुटलेली पाहिली होती. भर पाळीत आपल्याच वाफ्याचं बारं फोडून दुसऱ्याला पाणी देणारा खातेदार त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते त्यांनी दगडावर थोडं सरकून, बायकोला जागा करून म्हटलं.

परीट खाली उतरला. तुरुतुरु ओलीच्या कडेने फिरला, आणि शेपटी आपटू लागला. आपट, आपट, आपट.

“लई नेटानं धुतो की,” बद्रुन्निसा कुजबुजली.

तात्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. राहीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

“अवो,” त्या हळूच म्हणाल्या, “उद्यापास्नं तेवढा पंचा वल्ला करून टाकत जा दोरीवर. ही बद्रुन्निसा रोज इचारती मला.”