वीस पावलांवरून

शुक्रवारी पहाटे हवाबी सगळ्यांच्या आधी डोंगर चढून आली. कातळाची एक कपार छपरासारखी पुढे आली होती. तिच्याखाली उभं राहून तिने एक गोटा उचलला आणि डोक्यावरचा कातळ ठोकून पाहिला. मडकं घेताना बायका वाजवून घेतात, तसा. इथे ठोकला, तिथे ठोकला. सगळीकडे खणखणीत. वरून गेलेली लांब काळी फट नुसती वरवरची होती, आत कातळ एकजीव होता.

हा आवाज ओळखायला तिला नवऱ्याने शिकवलं होतं. हुसैनमियाँ रस्त्यासाठी डोंगर फोडायच्या कामावर होता. तीन वर्षांपूर्वी अशाच एका फटीखाली तो मेला. आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणाला होता, "साहेबांना फट दाखवली. म्हणाले, काही होत नाही, यल्ला, चला, उद्या खलास करा." नंतर साहेबांनी अहवालात लिहिलं, फट दिसत नव्हती, आणि कामगार नेमून दिलेल्या जागेवर नव्हता. मुलीने, अंबरीनने, तो कागद हवाबीला तीनदा वाचून दाखवला होता. खाली सही राजीवसाहेबांची.

हवाबीने फटीच्या बरोबर खाली चटई अंथरली, घावनांचा डबा उघडला आणि स्वतः मधोमध बसली.

खालून बोलणं ऐकू येऊ लागलं. राजीवसाहेब दर शुक्रवारी उन्हाच्या आत दार्सैत आणि वादी कबीर या आखाती शहरातल्या वस्त्यांमधल्या मराठी मंडळींना डोंगरावर आणत आणि दगडांची माहिती सांगत. नाश्ता हवाबीचा. सहा शुक्रवार त्यांनी तिच्या हातची घावनं खाल्ली होती, पण तिच्या घरात कोण कोण आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"साहेब, दगड पुरे आता," मंडळींतला कौशिक धापा टाकत म्हणाला. "पोटाचं बघा."

"अरे, ज्यावर उभा आहेस तो समुद्राच्या तळाच्याही खालचा दगड आहे. बाकी जगात लोक खोल खोल भोकं पाडून तो शोधतात. इथे तू चपला घालून तुडवतोयस."

"म्हणूनच एवढा चावतोय होय!"

सगळे हसले. तेवढ्यात साहेबांची मुलगी उर्वी पुढे पळत आली आणि चटईवर हवाबीला खेटून बसली. "हवाबी आंटी, आज पण चटणी रेड आहे का?"

हवाबीला वाटलं होतं, साहेबांची बायको येऊन बसेल. किंवा साहेब स्वतः. तिने मुलीच्या हातात घावन दिलं आणि वाट पाहिली.

"उर्वी! ऊठ! आधी बाहेर ये तिथून!"

राजीवसाहेब धावत आले. मुलीचं मनगट धरून त्यांनी तिला खेचून बाहेर काढलं. घावन मातीत पडलं.

"अहो, झालं काय?" त्यांची बायको अश्लेषा घाबरून मागोमाग आली.

"फट दिसत नाही का तुम्हाला? केवढी आहे! अशा फटीखाली कुत्रंसुद्धा बांधू नये. हवाबी, अक्कल आहे का? इथे चटई टाकतात?"

हवाबी जागची हलली नाही.

"कुठून दिसली साहेब?"

"काय?"

"फट. तुम्ही त्या पांढऱ्या दगडापाशी होतात. वीस पावलं असेल. अजून पुरतं उजाडलंही नाही. तरी दिसली?"

"दिसणारच. जन्म गेलाय माझा यात."

"ऐकलंत ना, कौशिकभाऊ?"

"ऐकलं, पण तुम्ही आधी बाहेर या, मावशी."

"कातळ पक्का आहे, मी वाजवून घेतलाय." मग ती साहेबांकडे वळली. "माझ्या माणसाने तुम्हाला हाताला धरून दाखवली होती. तेव्हा कशी दिसली नाही?"

"कोण माणूस?"

"हुसैनमियाँ. तुम्ही लिहिलंत, तो सांगितलेल्या जागेवर नव्हता. तो तुम्ही सांगितलेल्या जागेवरच होता, साहेब. म्हणून तर मेला."

राजीवसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज खाली आणला. "त्याची चौकशी झालीय. ते प्रकरण खलास झालं. आणि हे बोलायची ही जागा आहे का?"

"मला दुसरी कुणी दिली नाही."

अश्लेषा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कौशिकने हातातला चहाचा पेला दगडावर ठेवून दिला. हवाबीने तीन वर्षं हाच क्षण मनात घोळवला होता. तो अगदी तसाच झाला. घावनासारखा गरम, तव्यावरून थेट ताटात.

मग उर्वी बोलली. मनगट चोळत, शब्द शोधत.

"बाबा, मला तुम्ही बोलला ना, बाहेर ये. मग त्या अंकलना का नाही बोलला?"

मुलीचे डोळे भरून आले होते. तिच्या गोऱ्या मनगटावर बापाच्या बोटांचे वळ उमटले होते. हवाबीच्या मनातल्या क्षणात हे मूल कुठेच नव्हतं. तिला जवळ घ्यावं, पुरे म्हणावं, असं वाटून हवाबीचा हात पुढे झाला.

खालच्या वळणावर मागे राहिलेल्या चार-पाच बायका हाश्शहुश्श करत वर येत होत्या.

हवाबीने हात मागे घेतला.

"मोठ्याने विचार, बाळा," ती म्हणाली. "त्या बायकांना ऐकू गेलं नाही."