गार पाऊल

"मांडीला भोक तुम्हीच पाडलंत, आणि आता रक्त गोठू नये म्हणून औषध? मग ते थांबायचं कसं?"

गोदाक्का नातवाच्या पलंगापुढे आडव्या उभ्या राहिल्या. सकाळी बाळाच्या मांडीतल्या धमनीतून नळी सरकवून त्याचं हृदय तपासलं होतं. तेव्हापासून ही नर्स सारखी त्याचे मोजे काढत होती आणि गोदाक्का ते पुन्हा चढवत होत्या.

"वरचं रक्त थांबलंय, आजी. आत धमनीत गुठळी धरतेय. एवढ्याशा बाळांना होतं असं. दोन्ही पावलं धरून बघा."

डावं पाऊल उबदार होतं, उजवं गार. गोदाक्कांच्या पहिल्या लेकीचं पाऊल असंच गार पडलं होतं. थंडी असेल, म्हणाले होते दवाखान्यात. ती घरी आलीच नाही.

गोदाक्का बाजूला झाल्या. "दे औषध. पण मी इथून हलणार नाही."

संध्याकाळी नर्स म्हणाली, "गरम झालं हं पाऊल. आता जरा टेका."

"तू म्हणतेस म्हणून?" गोदाक्कांनी दोन्ही पावलं तळहातांत धरली. दोन्ही सारखीच उबदार होती. तरी थोड्या वेळाने त्यांची हाक आलीच, "ए पोरी, तूही एकदा बघून जा."