वर्तुळातला ठिपका
रिसोडजवळच्या प्रसेनजितने क्वांटम संदेशवहनाच्या संशोधनासाठी वीतभर उपग्रहाचा नमुना रचला. प्रक्षेपणाच्या हादऱ्यांतही त्यातील प्रकाशाचा ठिपका काचेवरील वर्तुळाबाहेर सरकू नये, ही अवकाशात पाठवायचे नमुने निवडणाऱ्या समितीची अट होती. कंपनचाचणीचे यंत्र जिल्ह्यात नव्हते. म्हणून त्याने तो उपग्रह सोयाबीनच्या धडधडत्या मळणीयंत्रावर दोरीने बांधला. अकस्मात दोरी तुटली. उपग्रह यंत्राच्या मुखाकडे घसरताच पेंढ्या लोटणाऱ्या वडिलांनी झडप घातली. उपग्रह वाचला, परंतु पात्यांनी त्यांचा उजवा पंजा मनगटापासून तोडला, भुशासोबत रक्ताची चिळकांडी उडाली. प्रसेनजितने यंत्र बंद केले. वडिलांनी डाव्या हाताने उपग्रह पुढे केला. “हालला काय रे ठिपका?” काच रक्ताने माखली होती. त्याने सदरा काढून ती काळजीपूर्वक पुसली. “नाही हालला, बाबा,” तो हसला. धावत आलेल्या आईने तोच सदरा हिसकावून थोटकाला आवळला. “तू काच पुसून राह्यला?”