फवाऱ्यानंतरची चाळीस मिनिटं

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी बोलणंच टाकलं. गोळ्यांनी झोप तेवढी आली. मग डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. नाकात हार्मोनचा फवारा मारायचा, त्याने मन जरा सैल होतं, आणि चाळीस मिनिटांनी समुपदेशक बाईंपुढे बसून बोलायचं.

दर गुरुवारी अर्धी रजा टाकून मी त्यांना न्यायचे. मोबाइल काउंटरवर जमा करावा लागे. नर्स फवारा मारायची आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर वाट बघत बसायचो.

सहाव्या गुरुवारी बाईंनी फाइल मिटली. "आजोबा माझ्यापुढे चकार शब्द काढत नाहीत. फवाऱ्याचा उपयोग दिसत नाही. बंद करू या."

आता बाईंना कुठल्या तोंडाने सांगणार? सासूबाईंशी झालेलं शेवटचं भांडण, ते मिटवायचं राहून गेलं ते, सगळं बाबांनी मला बाकावरच सांगितलं होतं. आत जाईपर्यंत बिचाऱ्यांचं बोलून संपलेलं असायचं.

पुढच्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकलीच. घरी आले, मोबाइल कपाटात ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी सवयीने नाक वर केलं.

"फवारा बंद झालाय, बाबा."

"बरं झालं. नाक चुरचुरायचं त्याने," ते म्हणाले. "तू मात्र बस."